मदत हवी आहे: उजनीच्या पक्ष्यांसाठी पहिला डीएसएलआर – जुना निकॉन डी५६०० घेऊ की नवा कॅनन १५००डी?

नमस्कार मंडळी,

मी इंदापूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. उजनी धरणाचं पाणी शाळेपासून जवळच आहे. थंडी पडली की पट्टकादंब आणि चक्रवाक उतरतात, पाणी ओसरायला लागलं की रोहित येतात, शेकाटे आणि चित्रबलाकही भरपूर दिसतात. हे बघायला पुण्या-मुंबईहून लोक पहाटे निघून भिगवण, कुंभारगावला येतात. आणि आमच्या वर्गातल्या बऱ्याच मुलांना यातल्या चार पक्ष्यांची नावंही सांगता येत नाहीत. बाजारात मिळणाऱ्या तक्त्यावर पेंग्विन आणि शहामृग असतात, शेकाट्या नसतो. म्हणून ठरवलंय की आपल्याच पाण्यावरच्या पक्ष्यांचे मोठे फोटो काढून, खाली मराठी नाव लिहून ते वर्गात लावायचे.

फोनवर काढून बघितले. स्क्रीनवर बरे वाटतात, पण मोठे छापले की पक्ष्याच्या जागी नुसता रंगाचा ठिपका उरतो. त्यामुळे डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) घ्यायचा विचार पक्का आहे. बजेट ४५ हजार, त्यातच लेन्स, कार्ड, बॅग सगळं बसवायचंय. यापलीकडे खरंच जाता येणार नाही.

दोन पर्याय समोर आहेत. एक, नवा कॅनन १५००डी, सोबत १८-५५ आणि ५५-२५० अशा दोन लेन्स. हे बजेटच्या थोडं वर जातंय, पण नवं आणि वॉरंटीसह. दुसरा, ओळखीतल्या एकांकडचा जुना निकॉन डी५६००, सोबत १८-५५ आणि ७०-३००. ते ३६ हजार म्हणतायत. घरच्यांचं मत, जुनी इलेक्ट्रॉनिक वस्तू घेऊ नये. दुकानदार म्हणतो, आता डीएसएलआर घेऊच नका, मिररलेस घ्या.

मला कॅमेऱ्यातलं काहीच येत नाही, चष्मा आहे, आणि मेन्यू बघूनच दडपण येतं. कोणता घ्यावा? जुना घेतला तर काय काय तपासायचं? कृपया सोप्या भाषेत सांगा.

प्रतिसाद

ताई, आधी उद्देशासाठी मनापासून शाबासकी. आता कामाचं.

पक्ष्यांसाठी सगळ्यात आधी लेन्सची फोकल लांबी बघायची, म्हणजे लेन्सवरचा मिमीचा आकडा. तो जितका मोठा, तितका लांबचा पक्षी फोटोत मोठा दिसतो. तुमच्या दोन पर्यायांत तीच वेगळी आहे. एकीकडे २५० मिमी, दुसरीकडे ३०० मिमी. ३०० सुद्धा छोट्या पक्ष्यांना कमीच पडते. खंड्या दूरच्या काठीवर बसला तर तो फोटोच्या मधोमध लहानसाच येणार. पण होडीतून रोहित, चित्रबलाक, राखी बगळा यांना ती पुरते. आणि तुम्ही तिथल्याच आहात, हा मोठा फायदा. पाहुण्यांना एका सकाळीत जे मिळेल ते घेऊन परतावं लागतं, तुम्हाला पुन्हा जाता येतं.

दुसरा फरक फोकसचा. १५००डीमध्ये फोकसचे ९ बिंदू, डी५६००मध्ये ३९. पहिला सेकंदाला ३ फोटो काढतो, दुसरा ५. उडता नदीसुरय टिपताना हा फरक कळतो. सेन्सर (फोटो टिपणारी आतली चिप) दोन्हीकडे २४ मेगापिक्सेलचेच, तिथे डोकं शिणवू नका. या फोटोची लांबी ६००० पिक्सेल असते, ए३ छपाईला ती भरपूर. कडा कापून निम्म्या रुंदीचा तुकडा ठेवला तरी ए४ नीट छापता येतो.

मिररलेसबद्दल, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांबद्दल, दुकानदार खोटं बोलत नाही. २०२० नंतर कॅनन किंवा निकॉननं एकही नवा डीएसएलआर आणलेला नाही, पुढचं सगळं मिररलेसमध्येच चाललंय. मिररलेसच्या डोळा लावायच्या खिडकीत फोटो कसा येणार ते आधीच दिसतं, नवशिक्याला ते फार सोयीचं. पण ४५ हजारांत पक्ष्यांना पुरेल अशी लेन्स धरून तो बसत नाही. आणि भविष्याची काळजी असेल तर या ७०-३०० लेन्स अ‍ॅडॉप्टर लावून निकॉनच्या झेड या मिररलेस कॅमेऱ्यांवर चालतात, फोकससुद्धा आपोआप होतो. पैसे वाया जात नाहीत.

माझं मत सरळ आहे: वस्तू तपासून चांगली निघाली तर डी५६०० घ्या. उरलेल्या पैशांत दुसरी बॅटरी, चांगल्या कंपनीचं ६४ जीबी कार्ड आणि बॅग येईल.

प्रतिसाद

वरच्या दादांशी सहमत. जुना कॅमेरा कसा तपासायचा ते सांगते. मी स्वतः बहुतेक वस्तू जुन्याच घेतल्या आहेत, नीट बघून घेतलं तर यात घाबरण्यासारखं काही नाही.

घरी जाण्याआधी त्यांच्याकडून आजच काढलेला एक जेपीईजी मागवा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू देऊ नका, त्यात आतली माहिती पुसली जाते. मेलवर किंवा ड्राइव्हवर मूळ फाइलच हवी. निकॉन प्रत्येक फोटोत शटर (फोटो घेताना क्षणभर उघडणारा पडदा) आतापर्यंत किती वेळा उघडलं तो आकडा लिहून ठेवतो. शटर काउंट दाखवणाऱ्या वेबसाइट असतात, तिथे फाइल टाकली की आकडा दिसतो. या वर्गातल्या कॅमेऱ्याचं शटर साधारण एक लाखापर्यंत धरतात. १५-२० हजार असेल तर निर्धास्त घ्या, ७०-८० हजार असेल तर किंमत बरीच खाली यायला हवी.

प्रत्यक्ष हातात आला की लेन्स काढा आणि मोबाईलचा टॉर्च एका बाजूनं मारून दुसऱ्या बाजूनं आत बघा. थोडी धूळ असतेच, तिनं काही बिघडत नाही. पण काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे दिसले तर ती बुरशी. ती लेन्स कितीही स्वस्त दिली तरी घेऊ नका. पावसाळाभर चामड्याच्या बॅगेत कपाटात पडून राहिलेल्या लेन्सना ही हमखास लागते.

मग मोड ए वर ठेवून लेन्सचं छिद्र (उजेड आत येतो ते) एफ/१६ इतकं लहान करा आणि मोकळ्या आकाशाचा एक फोटो काढून तो मोठा करून बघा. काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. ती साफ करून मिळते, तेवढे पैसे कमी करून घ्या. फ्लॅश बसतो ती वरची पट्टी खूप घासलेली असेल तर कॅमेरा लग्नांत राबलेला असण्याची शक्यता जास्त. फिरणारा स्क्रीन सगळ्या बाजूंनी फिरवून बघा, मध्येच बंद पडत नाही ना. खोक्यावरचा आणि कॅमेऱ्यावरचा नंबर जुळतो का ते बघा, मूळ बिल मागा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे सहसा कुणी सांगत नाही: या ७०-३०० लेन्स दिसायला सारख्याच पण दोन प्रकारच्या आहेत. एकीवर व्हीआर लिहिलेलं असतं, म्हणजे हाताची थरथर सावरणारी. दुसरीत ती सोय नाही. लेन्सवर चालू-बंद करायचं बटण दोन्हीकडे नसतं, त्यामुळे घाईत लक्षात येत नाही. नाव वाचा. व्हीआर नसेल तर ३६ हजार जास्त होतात.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार! फाइल मागवली, आकडा ११ हजारांच्या आसपास निघाला. लेन्सवर व्हीआर आहे, टॉर्चनं बघितलं, काच स्वच्छ आहे. बिल आणि खोकं दोन्ही मिळालं. ३४ हजारांत ठरलं. घरचेही आता खूश आहेत.

आता पुढचे प्रश्न. ऑटोवर ठेवून कुंभारगावला गेले होते.

१. खिडकीतून बघितलं की सगळं धूसर दिसतं, पण फोटो मात्र बरेचसे नीट येतात. हा बिघाड आहे का?

२. उडणारा प्रत्येक पक्षी हललेला येतो. व्हीआर चालू आहे तरी.

३. काठावर म्हैस बसली होती, तिच्या पाठीवर गायबगळा. मुलांना हा फोटो फार आवडेल असं वाटलं. पण म्हैस राखाडी आलीय आणि बगळा नुसता पांढरा डाग, पिसं दिसतच नाहीत. त्याच दिवशी आकाशात उडणारे रोहित मात्र काळेकुट्ट आलेत. एकच कॅमेरा एकदा जास्त उजळ आणि एकदा काळं का काढतो?

प्रतिसाद

पहिल्याचं उत्तर सोपं. खिडकीच्या उजव्या बाजूला चिकटून एक बारकी चकती आहे, ती आधीच्या मालकाच्या डोळ्यांनुसार लावलेली असणार. चष्मा घालून खिडकीतून बघा, पक्ष्याकडे लक्ष देऊ नका, आतले काळे फोकसबिंदू आणि खालचे आकडे बघा. ते कोरीव दिसेपर्यंत चकती फिरवा. झालं. कॅमेरा ठणठणीत आहे.

दुसरं. व्हीआर तुमचा हात सावरतो, पक्ष्याचे पंख थांबवत नाही. त्याला शटरच लागतं. वरची चकती एस वर न्या, म्हणजे शटरचा वेग आपल्याला ठरवता येतो, आणि तो १/१६०० सेकंद ठेवा. मेन्यूत आयएसओच्या (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील, त्याचा आकडा) सेटिंगमध्ये ऑटो आयएसओ चालू करून कमाल मर्यादा ३२०० द्या. बाकीचं कॅमेरा बघून घेईल. स्वच्छ ऊन असेल तर आयएसओ ४०० ते ८००च्या आसपास राहतो, पहाटे चढतो आणि थोडे दाणे दिसतात. दाणे दिसले तरी चालतात, हललेला पक्षी दुरुस्त होत नाही. फोकस एएफ-सी वर ठेवा, म्हणजे पक्षी सरकला की फोकसही त्याच्यामागे जातो, आणि बिंदूंत ९ बिंदूंचा डायनॅमिक पर्याय निवडा. फोटो सलग घ्यायचा मोड चालू करा. स्क्रीनवर बघून उडते पक्षी काढू नका, तिथे या कॅमेऱ्याचा फोकस मंद आहे. डोळा खिडकीला लावूनच काढायचं.

तिसऱ्या प्रश्नावर जरा जास्त लिहितो, कारण हे कळलं की कॅमेरा ताब्यात आलाच. कॅमेऱ्याला म्हैस कळत नाही, बगळाही कळत नाही. समोरचा सगळा उजेड मोजून तो फोटो मध्यम राखाडीच्या जवळ आणायचा प्रयत्न करतो. चौकटीत म्हैस भरली की त्याला वाटतं अंधार आहे, म्हणून तो फोटो उजळवतो. म्हैस राखाडी होते आणि बगळा, जो आधीच पांढरा, त्याची पिसं जळून जातात. आकाशाच्या बाबतीत नेमकं उलटं. चौकटभर उजेड दिसला की तो सगळं दाबतो, आणि रोहित काळे पडतात.

उपाय शटरच्या बटणाजवळच आहे. अधिक-उणे असं चिन्ह असलेलं छोटं बटण दाबून ठेवा आणि मागची चकती फिरवा. म्हशीवरच्या बगळ्याला उणे १, कधी त्याहूनही थोडं जास्त. आकाशातल्या रोहितांना अधिक १. ऑटोवर हे चालत नाही, एस मोडवर चालतं. काम झालं की परत शून्यावर आणा, नाहीतर पुढचे सगळे फोटो तसेच येतील. आणि फोटो बघायच्या मेन्यूत हायलाइट्स नावाचा पर्याय टिक करून ठेवा. मग जळालेला भाग स्क्रीनवर लुकलुकतो. बगळा लुकलुकला की आणखी थोडं उणे. म्हैस काळी दिसली तर दिसू द्या, म्हैस काळीच असते. पिसं वाचवायची.

जेपीईजीसोबत रॉ (सेन्सरनं टिपलेली कच्ची) फाइलही साठवा. थोडंफार जळालेलं त्यातून परत मिळतं, आणि त्यासाठी निकॉनचं एनएक्स स्टुडिओ हे सॉफ्टवेअर फुकट आहे.

प्रतिसाद

वरचं सगळं बरोबर. पाण्यावरच्या दोन गोष्टी जोडते. सूर्य पाठीशी येईल अशा बाजूला होडी न्यायला सांगा. आणि ऊन तापलं की पाण्यावरून गरम हवा थरथरते. मग लांबचे पक्षी कितीही महागड्या लेन्सनं काढा, मऊच येतात. तुमच्या सेटिंगचा तो दोष नाही. सकाळी लवकर जा आणि ऊन तापायच्या आत परता.

होडीत लेन्स बदलू नका, ७०-३०० लावूनच चढा. होडीवाल्या दादांना इंजिन बंद करून लांब थांबायला सांगा. खूप जण रोहितांचा थवा उडवून फोटो घ्यायचा आग्रह धरतात. त्या पक्ष्यांची ती खायची वेळ असते, मुलांना दाखवायच्या फोटोसाठी तर हे मुळीच नको. चिखलात चोच उलटी घालून खाणारा रोहित हा धडा म्हणून उडत्या थव्यापेक्षा जास्त उपयोगी आहे.

धागाकर्ती

हे तर मी वहीत उतरवून घेतलं! उलट्या चोचीचाच फोटो पहिला लावायचा. शेवटचा प्रश्न, छापताना काय सांगायचं? आणि पावसाळ्यात कॅमेरा ठेवायचा कुठे?

प्रतिसाद

ठेवायला बॅग नको. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक. आकडा ४० ते ५० टक्क्यांत राहू द्या. रंग बदलणारं जेल मिळतं, ते भिजून रंग बदलला की कढईत मंद आचेवर तापवून परत वापरता येतं. आणि कॅमेरा नुसता ठेवून देऊ नका, पावसाळ्यातही मधूनमधून बाहेर काढून वापरा.

छापताना लॅबवाल्याला आधीच सांगा की रंग-उजेडात आपणहून काही बदल करू नका. नाहीतर त्यांचं मशीन बगळ्याची वाचवलेली पिसं पुन्हा जाळेल. पहिल्यांदा एकच छापून बघा, स्क्रीनपेक्षा कागदावर फोटो थोडा गडद येतो, त्या अंदाजानं बाकीचे उजळवून द्या. लॅमिनेशन मॅट करा. चकचकीत लॅमिनेशनवर खिडकीचा उजेड पडतो आणि मागे बसलेल्या मुलांना पक्षी दिसत नाही.