टँकरच्या मागं निघून जातं लेकरू. कुलूप सोडून काय उपाय करता?

लातूरची_आई

मुलगा सात वर्षांचा आहे, ऑटिझम. बोलत नाही. तहान लागली की माझा हात धरून माठाकडं ओढत नेतो, एवढंच त्याचं बोलणं. मंगळवारी दुपारी घरातून निघून गेला आणि पाऊण तास सापडला नाही.

मी तुरीची डाळ निवडत बसले होते, सासूबाई आत पडल्या होत्या. दाराला कडी होती. ह्यानं खुर्ची ओढून नेली आणि कडी काढली. खुर्चीचा आवाज मला आला होता. रोजच ओढतो म्हणून उठले नाही. रात्री डोळे मिटले की तोच आवाज येतो.

मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं त्या 2016 च्या उन्हाळ्यात मी लग्न होऊन लातूरला आले, तेव्हापासून टँकर आमच्या गल्लीचा पाहुणा राहिलाच नाही, घरचाच झाला. लेकराला त्याचं वेड. टँकरचा मागचा कॉक गळतो, रस्त्यावर ओली रेघ पडत जाते वेडीवाकडी. त्या रेघेवर एकेक पाऊल ठेवत गेला तो. आम्ही निघालो तोवर उन्हानं रेघ वाळून गेली होती. सापडला तो रिंग रोडच्या अलीकडं, टँकर भरतात त्या बोअरच्या हौदावर. कठड्यावर पालथा, दोन्ही हात पाण्यात. पंक्चरच्या दुकानातल्या चाचांनी त्याची चड्डी मागून मुठीत धरून ठेवली होती, कारण हा खाली उतरवू देईना.

गल्लीतली एक बाई म्हणाली, "आईचं ध्यान नको का?" मालक म्हणतात, आता कुलूपच. तुम्ही लोक काय करता? जीपीएसचं घड्याळ कुणी वापरलंय का? ह्यानं मनगटातला काळा दोरासुद्धा दातानं तोडलाय.

गोदाकाठचा_बाप

ताई, त्या बाईचं सोडा. माझी मुलगी आता चौदाची आहे. चारदा गेली आणि चारही वेळा घरात तीन-चार मोठी माणसं होती. प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याचं ध्यान आहे. आता आमच्यात बोलून सोपवतात. "आता तुझ्याकडं" म्हणायचं आणि समोरच्यानं "हाव" म्हणायचं. हाव आलं नाही तर सोपवलं नाही. पाहुण्यारावळ्यांत, लग्नात तर हे फार लागतं.

दुसरं, लेकरू दिसेना झालं की सगळ्यांनी मिळून बाजेखाली आणि कपाटात हुडकत बसू नका. एकानं घर बघावं, बाकीच्यांनी थेट पाण्याकडं पळावं. ह्या लेकरांना पाणी ओढतं आणि जिवावर बेततं ते बुडूनच. तुमच्याकडं ते बोअर, हौद, उघड्या टाक्या कुठं कुठं आहेत ते आजच फिरून बघून ठेवा. आमच्याकडं विहीर आहे आणि शेततळं आहे. मला विहिरीपेक्षा तळ्याची भीती जास्त. विहिरीला पायऱ्या तरी असतात. तळ्यात अंथरलेला प्लॅस्टिकचा कागद शेवाळानं असा बुळबुळीत होतो की पोहणारा गडीसुद्धा वर चढू शकत नाही. कुंपण घातलं, शिवाय चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर खुंट्यांना बांधून पाण्यात सोडले. शेजाऱ्याच्या तळ्यालाही मीच सोडायला गेलो. तो आधी हसला, मग खुंटे त्यानंच ठोकले.

दाराला घुंगुरमाळ बांधली आहे. बैल विकले, पोळ्याची माळ राहिली होती. कडी चौकटीच्या वरच्या अंगाला, खुर्चीवरूनही हात पोचू नये अशी. कुलूप लावायचंच असेल तर किल्ली दाराजवळ उंच खिळ्यावर, कायम त्याच खिळ्यावर. गॅसनं पेट घेतला तर किल्ली हुडकायला वेळ नसतो.

घड्याळ घेतलं होतं. सिमवर चालतं आणि आमच्या शिवारात रेंज नाही. तिसऱ्या दिवशी तिनं ते हौदात सोडलं. मग कुणी ॲपलचं एअरटॅग सुचवलं. ते जवळपासच्या आयफोनच्या जिवावर ठिकाण सांगतं. गावात आयफोन दोन, त्यातला एक पुण्याला असतो! शहरात तुम्हाला उपयोग होईल. आम्ही फ्रॉकच्या आतून पाठीवर नंबर शिवलाय, तिचा हात पोचत नाही तिथं. माळेगावच्या जत्रेला जाताना मनगटावर मेंदीनं नंबर काढतो आणि निघताना त्या दिवसाच्या कपड्यांत एक फोटो.

विशेष_शिक्षिका

छत्रपती संभाजीनगरला शिकवते. "ध्यान नाही" बद्दल एकच सांगते. 2012 मध्ये अमेरिकेत बाराशेहून जास्त ऑटिस्टिक मुलांच्या घरी विचारलं, तर चार वर्षांच्या पुढं जवळजवळ निम्म्या मुलांनी एकदा तरी असं निघून जायचा प्रयत्न केलेला होता. एवढ्या सगळ्या आया काय झोपल्या होत्या?

मुलं कधी कशापासून पळतात, कुकरची शिट्टी, डीजे, भांडण. कधी कशाकडं जातात. तुमचं उत्तर तुम्ही स्वतःच लिहिलंय. तेव्हा टँकरपासून त्याला तोडू नका, उलट तोच हातात घ्या. टँकरचा फोटो काढून जाड पुठ्ठ्यावर चिकटवा, दाराजवळ त्याच्या उंचीवर लावा. त्यानं तो तिथून काढून तुमच्या हातात दिला की "टँकर!" म्हणायचं आणि हात धरून लगेच न्यायचं. सुरुवातीचे काही आठवडे एकदाही नाही म्हणू नका, भाकरी तव्यावर असली तरी. आणि "पकडा पकडा" करत मागं धावू नका, त्याला खेळ वाटतो. सापडल्यावर मारूही नका, नाहीतर पुढच्या खेपेला हाक ऐकून तो लपून बसेल.

निवृत्त_हवालदार_बीड

पोलिसांचा 112 लावा, मुलांच्या हेल्पलाइनचा 1098 पण. उद्यापर्यंत वाट बघा असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचाच, असा सुप्रीम कोर्टाचा 2013 चा आदेश आहे. बोलत नाही, हाकेला ओ देत नाही, पाण्याकडं जातो, अंगाला हात लावला की बिथरतो, हे फोटोसकट आधीच लिहून फोनमध्ये ठेवा. ठाण्यात रडत आलेल्या माणसाला काहीच आठवत नाही, हे मी लई वेळा बघितलंय.

लातूरची_आई

वरची कडी बसवली. पंक्चरवाल्या चाचांनी त्याचा फोटो दुकानात आरशाजवळ लावलाय, खाली माझा नंबर. सासूबाई आता "हाव" म्हणतात, जरा जास्तच मोठ्यानं.

टँकरवाल्या मामांना सगळं सांगितलं. ते बिचारे म्हणाले, "ताई, कॉकला नवा वायसर टाकतो, गळणंच बंद." मी म्हणाले, टाका, पण आमच्या दारासमोर दोन मिनिटं कॉक ढिला सोडत जा.

काल फोटो घेऊन आला. पहिल्यांदाच, आपणहून. आणि काल टँकरचा दिवस नव्हता! मग तेलाच्या रिकाम्या डब्याला खिळ्यानं भोक पाडलं, धुण्याचं उरलेलं पाणी भरलं आणि अंगणभर रेघ ओढत फिरले. तो मागून पाय ठेवत येत होता.