मदत हवी आहे: जुनी स्विफ्ट घेतोय, उद्या टोकन. मालकी खरी कशी तपासू?

अमळनेरकर: स्विफ्ट डिझेल, २०१४ची. गाडी पाहिली, आवडली. विकणारा म्हणतो कागद क्लिअर, फॉर्म २९-३० वर (गाडी नावावर करायचे फॉर्म) सह्या तयार. बाबांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला धुळ्याला न्यावं लागतं, एसटीचे धक्के आता सोसवत नाहीत. मालकी आजच्या आज कशी कळेल? पटकन सांगा.

तापीकाठ: पासिंग कोठलं शे भाऊ? आरसीवरचं नाव आणि विकणारा एकच का?

अमळनेरकर: पासिंग जीजे ०५. नाव सुरतच्या माणसाचं. विकणारा इथलाच, ओळखीतून आलेला.

जुना_चालक: हे आधी सांगायचं ना! म्हणजे मधल्या माणसाने गाडी नावावर केलीच नाही. टोकन थांबवा.

केळीवाला_रावेर: स्विफ्ट घेऊच नका. बोलेरो बघा, मळ्यातही चालते.

शिरपूरचा_भाऊ: एवढं काय घाबरायचं? सह्या आहेत ना? मी दोन वर्षं अशीच चालवतोय.

जुना_चालक: तुमच्या हातून अपघात झाला तर भरपाई नोंदणीत नाव असलेल्या मालकावर येते. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये हेच सांगितलंय. म्हणून नाव उतरवायची घाई सुरतवाल्यालाच हवी. त्याला फोन लावून द्या म्हणा. विकणारा टाळत असेल तर तिथेच समजा.

तापीकाठ: एम-परिवहन या सरकारी ॲपवर गाडीचा नंबर टाका. कितवा मालक, विमा, बोजा (गाडीवरचं कर्ज) सगळं दिसतं. नाव अर्धं झाकलेलं असतं, पण आरसीशी जुळतं का ते कळतं.

धुळे_१८: नुसत्या ॲपवर जाऊ नका. माझ्या गाडीचे कागद ॲपवर बरोबर होते. गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासली, तर आरसीवरचा ३ तिथे ८ निघाला. एजंट म्हणे टायपिंगची चूक. माझे साठ हजार अजून अडकलेत. पेन्सिल घासूनच बघा, दादा.

अमळनेरकर: ॲपवर पाहिलं. मालक क्रमांक २, विमा मार्चमध्येच संपलाय, आणि बोजा दिसतोय. विकणारा म्हणतो कर्ज कधीच फिटलं.

जुना_चालक: फिटलं असेल तर बँकेची एनओसी (ना-हरकत) आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ दाखवा म्हणावं. बोजा उतरला की गाडी दुसऱ्या राज्यात न्यायला सुरत आरटीओची फॉर्म २८ वाली एनओसी, मग इकडे नोंदणी आणि महाराष्ट्राचा टॅक्स. तो खर्च भावातून कापा. ई-चलनंही बघून घ्या.

शिरपूरचा_भाऊ: टॅक्स कशाला? गुजरात पासिंगवरच फिरवा.

तापीकाठ: बारा महिन्यांवर गाडी इथे ठेवली की नवा नंबर घ्यावाच लागतो. चुकीचं सांगू नका भाऊ, त्यांना पेशंट न्यायचाय.

अमळनेरकर: टोकन दिलं नाही. आरसीवरच्या पत्त्यावर रविवारी रेल्वेने सुरतला जातोय, इथून थेट आहे. फॉर्म ३५ वर बँकेचा शिक्का आणि सही दोन्ही लागतात का? तिथे उभं राहून फसायला नको.

जुना_चालक: दोन्ही. आणि आरसीची मूळ प्रत हातात घ्या, झेरॉक्स नाही.