अँब्युलन्समध्ये मागे बसणाऱ्याला लायसन्स नको का?

कॅज्युअल्टीतली सिस्टर: परवा रात्री खाजगी अँब्युलन्समधून अपघाताचा पेशंट आला. मागचा पोरगा घामाघूम होऊन अंबू बॅग (मास्कमधून श्वास देण्याची हातपिशवी) दाबत होता. पण मास्क हनुवटीवर बसलाच नव्हता. हवा गालाजवळून फुस्सकन निसटत होती, छाती हलत नव्हती. जबडा वर उचलून मास्क कसा धरायचा हे त्याला कुणी दाखवलंच नव्हतं. गाडीला पासिंग लागतं, ड्रायव्हरला लायसन्स लागतं; ज्याच्या हातात पेशंटचा श्वास त्याला काहीच नको? 2021 च्या केंद्रीय कायद्यात इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्टचं, म्हणजे तातडीचे उपचार करणाऱ्या तंत्रज्ञाचं, नाव आहे. अशा संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी त्यात किमान 2,000 तासांचं शिक्षण सांगितलंय, 2 ते 4 वर्षांत. डिप्लोमा आणि नोंदणी नसेल तर मागे बसू देऊच नये, असं माझं मत.

घाटाखालचा गाडीवाला: ताई, पटत नाही. आमची एकच गाडी. भाऊ चालवतो, मी मागे. रात्री 2 ला सर्पदंशाचा फोन आला की आम्हीच. दोन वर्षं शिकलेला मुलगा शहरातलं आयसीयू सोडून इकडे येणार आहे का? असा नियम झाला तर गाडी दारात उभी राहील आणि पेशंट जीपमधून जाईल.

कॅज्युअल्टीतली सिस्टर: दादा, जीपवाल्याला काही येत नाही हे नातेवाइकांना माहीत असतं. गाडीवर अँब्युलन्स लिहिलं की ते निर्धास्त होतात.

बीएएमएस, 108 वर काम केलेला: आपल्याकडे महाराष्ट्रात 108 सुरू झाली 2014 मध्ये, 937 गाड्या घेऊन. प्रत्येकीत डॉक्टर ठेवायचा असं ठरलं. मीही त्यातलाच. पण पदवी असूनही पहिल्या महिन्यात घाटाच्या वळणांवर मला सलाईनसाठी शीर सापडत नव्हती. वॉर्डात कॉट हलत नाही हो! म्हणून मला कागदापेक्षा चालत्या गाडीतले तास महत्त्वाचे वाटतात. वरिष्ठाच्या हाताखाली तेवढे तास भरल्याशिवाय कुणालाही, अगदी डॉक्टरलाही, एकटं सोडू नये.

अमेरिकेतला मराठी, स्वयंसेवक ईएमटी: इथे बेसिक ईएमटीचा, म्हणजे अँब्युलन्समध्ये पेशंट सांभाळणाऱ्या पहिल्या पायरीच्या तंत्रज्ञाचा, कोर्स काही महिन्यांचा असतो. मी नोकरी सांभाळून संध्याकाळी केला. लेखी परीक्षा झाली, हाताने करून दाखवण्याचीही झाली. त्याच्या वरच्या पायरीच्या पॅरामेडिकचं शिक्षण बरंच लांब, त्याला कामंही जास्त करता येतात. राष्ट्रीय प्रमाणपत्र मात्र 2 वर्षांनी संपतं; बेसिकवाल्याला 40 तासांचं शिक्षण दाखवून ते पुन्हा घ्यावं लागतं. गाडीवाले दादांसाठी पहिली पायरी अशी छोटी हवी. सरसकट दोन वर्षं मागितली तर ते या कामातून बाहेरच फेकले जातील.

घाटाखालचा गाडीवाला: असा कोर्स आमच्या ग्रामीण रुग्णालयात रात्रीचा ठेवा, पहिलं नाव माझं लिहा. शिकायला मी नाही म्हणतच नाही. पण पास होईपर्यंत गाडी थांबवू नका.

कॅज्युअल्टीतली सिस्टर: छोटी पायरी मान्य. पण पास होईपर्यंत म्हणजे किती महिने, ते नियमात लिहा. मुदत नसलेली सवलत मला मान्य नाही. आणि तोवर एक करा दादा: आमच्यासारख्या कुठल्याही कॅज्युअल्टीत एक दुपार या, मास्क धरायला आम्ही शिकवू.