मदत हवी आहे: रजेवर घरी आल्यानंतरचे पहिले दिवस आणि सिंहस्थाच्या ड्युट्या

देवळाली कॅम्प, नाशिकरोडकडच्या जवानांच्या आणि शहरातल्या पोलीस, अग्निशमन दलाच्या कुटुंबांसाठी एक पानी टिपण करतोय.

भांडणाचं मूळ बहुतेक घरांत सारखंच. महिनोन्‌महिने गॅस, फी, दवाखाना बायकोने एकटीने ओढलेलं असतं आणि तो आल्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांची शिस्त, डब्याबरण्यांच्या जागा बदलायला घेतो. म्हणून लिहिलंय: पहिले 3-4 दिवस फक्त झोप आणि घरचं जेवण. पाहुणे नकोत, गावची फेरीही नंतर. मग रोज 20 मिनिटं, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून, दोघांनीच बोलायचं. घरातलं काम एकेकच हातात घ्यायचं, तेही तिला विचारून. रात्रपाळीवाल्यांनी खिडकीला जाड पडदा लावावा, झोपेच्या 6 तास आधी चहा बंद. दचकून उठणं, दारू वाढणं महिनाभर थांबलं नाही, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन करावा. मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

अडतंय ते पुढे. 2027 च्या सिंहस्थात पोलिसांना सलग बंदोबस्त लागेल. नवरा-बायको दोघंही खात्यात असतील तर मुलं आणि म्हातारी माणसं कुणाकडे, कशी ठेवायची? 2015 चा बंदोबस्त केलेल्यांनी नेमकं काय जमलं, काय फसलं ते कृपया कळवा.