‘गिव्ह वनसेल्फ अप’ला मराठीत काय म्हणायचं?

अनुवादिका : एक कथा मराठीत आणतेय. नवरा गेल्यावर बाई चार दिवस सगळं निस्तरते, पाहुण्यांना वाटेला लावते, मग दार लावते आणि ‘शी गेव्ह हरसेल्फ अप टू ग्रीफ’. मी लिहिलं, ‘तिनं स्वतःला दुःखाच्या स्वाधीन केलं.’ संपादक म्हणतात, हे इंग्रजीच राहिलं, ‘दुःखात बुडून गेली’ करा. पण बुडणं आपसूक होतं. ही तर इतके दिवस आवरून धरलेलं जाणूनबुजून सोडते.

सांगलीकर : ‘तिनं दुःखाला वाट करून दिली.’

अनुवादिका : त्यात दुःख बाहेर पडतं आणि बाई मागे राहते. इथे बाईच जातेय.

जुना बातमीदार : ‘आरोपीने स्वतःला पोलिसांच्या स्वाधीन केले’ अशी कॉपी आली की मी ‘पोलिसांना शरण आला’ करायचो. आता गडचिरोलीच्या बातम्यांत जिथे तिथे ‘आत्मसमर्पण’. सरकारी योजनाच त्या नावाची, 2005 पासूनची. ‘शरण’सारखा शब्द घरात असताना हिंदीकडे कशाला जायचं?

नागपूरकर : वापरणाऱ्यांना कळतो ना? मग तो मराठीच. आणि शरण जाण्यात हार असते, हे कुणी ठरवलं? 14 ऑक्टोबर 1956ला माझी आजी दीक्षाभूमीवर होती, कडेवर माझे वडील. ‘बुद्धं सरणं गच्छामि’ म्हणताना ती कुणापुढे वाकली नव्हती. ‘शरण’चा संस्कृतातला अर्थ आसरा, घर. आजीला त्या दिवशी घर मिळालं.

जुना बातमीदार : आजींना नमस्कार. पण 1971ला ढाक्यात पाकिस्तानच्या 93 हजार लोकांनी पत्करली ती शरणागतीच. तिथे कसलं घर?

नागपूरकर : जीव वाचला, तो आसराच की. दाती तृण धरणारा तरी काय सांगतो? मी तुझी गाय, मला मारू नको.

सांगलीकर : मग नांगी टाकणं, हात टेकणं?

जुना बातमीदार : ते नुसतं ‘गिव्ह अप’. त्यात कुणाच्या हवाली होणं नाही.

अनुवादिका : माझी बाई अजून दाराशीच उभी आहे.

सांगलीकर : आई म्हणायची, ‘पाहुणे गेले आणि मी अंग टाकलं.’ बघा : ‘तिनं दार लावलं आणि अंग टाकलं.’

नागपूरकर : आमच्या घरात अंग टाकणं म्हणजे खंगणं. आजारानं अंग टाकलं, असं.

सांगलीकर : आमची आई तर रोज दुपारी अंग टाकायची, आणि चारला उठून चहा करायची.