डिस्कवर मर्यादा घातली म्हणजे गट वेगळे झाले का?

तळघर (धागाकर्ता):
एकाच डिस्कवर डेटाबेस आणि बॅकअप असे दोन सीग्रुप (लिनक्समधले प्रोसेसचे गट, ज्यांचा संसाधनांतला वाटा ठरवता येतो) चालतात. बॅकअपला 'आयओ.मॅक्स'ची, म्हणजे वाचन-लेखनाच्या कमाल वेगाची, मर्यादा घातली की झालं, असं बहुतेकजण मानतात. मला हे साफ अमान्य आहे. डेटाबेस निवांत असला, डिस्क रिकामी बसली, तरी बॅकअप रांगतच राहतो. 'आयओ.वेट', म्हणजे प्रत्येक गटाच्या वाट्याचं वजन, वापरा. १ ते १०००० मधला कुठलाही आकडा द्या, काहीच न दिल्यास १०० धरतात. चढाओढ असेल तेव्हा वाटणी होते, नसेल तेव्हा सगळी डिस्क एकालाच मिळते.

रातपाळी:
वाटणी, पण कशाची? ७२०० आरपीएमच्या डिस्कची एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची. हेड ट्रॅकवर पोचल्यावरही सरासरी चारेक मिलिसेकंद थांबावंच लागतं. सलग वाचणाऱ्याची विनंती आणि विखुरलेलं वाचणाऱ्याची विनंती एकाच मापाने कशी मोजणार? मर्यादेचा आकडा निदान समोरच्याला आधी सांगता येतो.

तळघर:
त्यासाठीच तर २०१९ साली लिनक्स कर्नल ५.४ मध्ये आयओकॉस्ट हे वाटणीचं तंत्र आलं. वाचन की लेखन, सलग की विखुरलेलं, आकार केवढा, यावरून ते प्रत्येक विनंतीला डिस्कचा किती वेळ लागेल याचा अंदाज बांधतं. वाटणी त्या वेळेची होते.

रातपाळी:
अंदाजच ना! एसएसडीचं आतलं गार्बेज कलेक्शन (जुन्या डेटाची जागा मोकळी करणं) सुरू झालं की तो कोलमडतो. प्रत्येक मॉडेलची डिस्क आधी मोजून घेणार कोण?

मळकं पान:
खरी गळती तुम्हा दोघांच्याही नजरेतून सुटली आहे. साधं राइट फक्त मेमरीतलं पान (मेमरीचा छोटा तुकडा) मळवतं, म्हणजे तिथेच बदलून ठेवतं, डिस्कवर ते नंतर कर्नलचा फ्लशर थ्रेड लिहितो. सीग्रुपच्या जुन्या व्ही१ आवृत्तीत हे लेखन रूट (सर्वात वरच्या) गटाच्या नावावर पडायचं, म्हणजे मर्यादा कागदावरच. नव्या व्ही२ मध्ये मेमरी आणि आयओ हे दोन्ही कंट्रोलर चालू असतील आणि फाइलसिस्टिमची साथ असेल, तरच ते योग्य गटावर पडतं. तेही आयनोडनुसार, म्हणजे फाइलगणिक. एकाच फाइलमध्ये दोन गट लिहीत असतील तर हिशोब चुकतो.

आणि एक्स्ट४ या फाइलसिस्टिमचं जर्नल (बदलांची नोंदवही) सगळ्यांचं एकच. ऑर्डर्ड मोडमध्ये कमिटआधी, म्हणजे जर्नलमधली नोंद पक्की होण्याआधी, डेटा डिस्कवर जावा लागतो. तो डेटा बॅकअपचा असला आणि मर्यादेत अडकला, तर डेटाबेसचं एफसिंकही (डेटा डिस्कवर पोचेपर्यंत थांबणारी विनंती) ताटकळतं. रातपाळी, तुमच्या मर्यादेने इथे डेटाबेसचाच गळा आवळला जातो.

रातपाळी:
जर्नलचा मुद्दा मान्य. मग बॅकअपला वेगळं पार्टिशन, वेगळी फाइलसिस्टिम द्या. मर्यादा मात्र मी काढणार नाही.

तळघर:
जर्नल वेगळं होईल, डिस्कची रांग तीच राहील. ती वाटायला वेट लागणारच.