अनुभव धागा: लघवीवर ताबा राहत नाही, हे डॉक्टरांना सांगायचे तुम्ही कधी आणि का ठरवले?

धागाकर्ती, फिजिओथेरपिस्ट, ताराबाई पार्क

ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंचे व्यायाम शिकवणे हे माझे रोजचे काम आहे. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांना हा त्रास सुरू होऊन कित्येक वर्षे लोटलेली असतात. त्रास जुना असताना ते नेमके त्याच आठवड्यात दवाखान्याची पायरी का चढले, हे विचारले की मिळणारी उत्तरे आजाराच्या तीव्रतेशी फारशी जुळत नाहीत. म्हणून या धाग्यात उपचारांचे तपशील थोडक्यात आणि निर्णय कसा झाला ते सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे. डॉक्टरांचे किंवा रुग्णालयाचे नाव लिहू नये. घरातल्या दुसऱ्या कोणाविषयी लिहायचे असेल, तर त्या व्यक्तीला विचारून लिहावे.

शिक्षिका, राजारामपुरी

दुसऱ्या बाळंतपणापासून खोकताना, शिंकताना आणि वर्गात मोठ्याने शिकवताना माझी थोडी थोडी लघवी सुटत असे. पाळीचे पॅड घरात असायचेच, त्यामुळे ते महिनाभर वापरले तरी कोणाच्या लक्षात येण्याचा प्रश्न नव्हता आणि दुकानदारापासून नवऱ्यापर्यंत कोणालाही काही सांगावे लागत नव्हते. आडोसा उत्तम होता. पाळी बंद झाली आणि तो आडोसाच गेला. किराणा मालाच्या यादीत पॅड पाहून मुलीने सहज विचारले, "आई, तुझी पाळी तर बंद झाली, मग हे कोणासाठी?" मी तिला काहीतरी उत्तर दिले, पण पुढच्या महिन्यात यादी लिहिताना पुन्हा तोच प्रश्न येणार हे स्पष्ट दिसत होते. त्रास आदल्या वर्षाइतकाच होता. तो लपवण्यासाठी आता नवीन कारण शोधावे लागणार होते, आणि खोटे रचण्यापेक्षा डॉक्टरांना खरे सांगणे मला कमी कष्टाचे वाटले.

स्त्रीरोगतज्ज्ञांनी तपासून सांगितले की, जोर पडला की मूत्रमार्गाला खालून मिळणारा आधार कमी पडतो आणि त्यामुळे ही गळती होते. त्यांनी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे केगेल व्यायाम सांगितले. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी ते 1948 मध्ये प्रसिद्ध केले होते, असेही त्या म्हणाल्या. मोबाइलवर पाहून मी ते आधी करत होते, पण प्रत्यक्ष तपासणीत असे दिसले की मी स्नायू आत ओढून घेण्याऐवजी कुंथत होते, म्हणजे नेमका उलटा दाब देत होते. हे पडद्यावर पाहून कळत नाही, कोणीतरी तपासून सांगावे लागते. दिवसातून 3 वेळा, दर वेळी किमान 8 आकुंचने आणि हे निदान 3 महिने, असे वेळापत्रक मिळाले. आता सर्दी झाल्यावर थोडा त्रास होतो, एरवी नाही. यादीत पॅड नसतात.

निवृत्त कर्मचारी, शिवाजी पेठ

पुरुषांनीही लिहावे म्हणून लिहितो. माझी लघवीची धार कित्येक वर्षांपासून बारीक झाली होती आणि रात्री अनेकदा उठावे लागत होते. आमच्या तालमीच्या कट्ट्यावर संध्याकाळी बसणारे सगळेच साठीच्या पुढचे असल्याने या विषयावर तिथे चेष्टा चालते, आणि चेष्टेत सगळे सामील झाले की ते दुखणे वाटतच नाही. "वयानं असतंय की हे" एवढ्यावर विषय संपतो. पुढे झोपेत नकळत कपडे ओले होऊ लागले. पत्नीने एका शब्दाने काही न बोलता गादीवर प्लास्टिक अंथरले, मीही काही बोललो नाही.

डॉक्टरांकडे जाण्याचा माझा विचार नव्हता. मी पेठेतल्या औषधाच्या दुकानात जाऊन "लघवी आटोक्यात राहील अशी एखादी गोळी द्या," असे म्हणालो. दुकानदार ओळखीचा मुलगा. त्याने गोळी दिली नाही आणि उलट विचारले, "तात्या, धार कशी आहे? झाल्यावर पोट मोकळं झाल्यासारखं वाटतंय का?" दोन्ही उत्तरे ऐकून तो म्हणाला की, मूत्राशय शांत करणारी गोळी अशा वेळी घेतली तर लघवी पूर्ण अडण्याचा धोका असतो. इतकी वर्षे मला लघवी जास्त होते असे वाटत होते आणि हा पोरगा ती अडते आहे म्हणत होता. मी मूत्ररोगतज्ज्ञांकडे गेलो तो या दोन शब्दांतला फरक समजून घेण्यासाठी. सोनोग्राफीत लघवी करून आल्यावरही मूत्राशयात बरीच शिल्लक असल्याचे दिसले. प्रोस्टेट ग्रंथी वाढून मार्ग अरुंद झाला होता, मूत्राशय कायम भरलेले राहत होते आणि भरलेल्या हौदातून कडेने पाणी सांडावे तसे ते झोपेत सांडत होते. रक्तातील क्रिएटिनिनही वाढले होते, म्हणजे मूत्रपिंडांवर ताण येऊ लागला होता. काही दिवस नळी, मग गोळ्या आणि शेवटी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया असा क्रम झाला. कट्ट्यावर हे सगळे सांगितले, तेव्हा चेष्टा करणाऱ्यांपैकी एकाने घरी जाताना मला बाजूला घेऊन डॉक्टरांची वेळ विचारली.

सून, करवीर तालुका

हा अनुभव माझ्या आत्तींचा म्हणजे सासूबाईंचा आहे आणि तो त्यांना वाचून दाखवूनच इथे लिहीत आहे. भांगलण, उसाला पाणी पाजणे, वैरणीचा भारा डोक्यावरून आणणे हे त्यांचे आयुष्यभराचे काम. त्यांचे अंग बाहेर येत होते आणि त्यासोबत लघवीही थांबत नव्हती, हे आम्हाला घरात कोणालाच माहीत नव्हते. शेतात कोणी पाहत नाही, लुगडे ओले झाले तर पाटाच्या पाण्याने झाले म्हणता येते, त्यामुळे त्यांचे रानात निभावत होते. त्या बचत गटाच्या बैठकीला जायच्या बंद झाल्या, एवढेच आम्हाला दिसले. गटात काहीतरी वाजले असेल, असा आमचा तर्क होता.

गावातल्या आशाताई रक्तदाबाच्या तपासणीसाठी घरी आल्या होत्या. मी चहा ठेवायला आत गेले असताना त्यांनी आत्तींना सरळ विचारले की, जड उचलल्यावर खाली काही ओघळल्यासारखे वाटते का, लघवी राहते का. आत्ती मला नंतर म्हणाल्या, "इतक्या वर्षांत कुणी इचारलंच न्हाई, मग मी कुणाला सांगू?" त्यांची एकच अट होती, तपासणारी बाईच असली पाहिजे. गावाजवळच्या दवाखान्यातून आम्हाला कोल्हापूरच्या मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागात पाठवले आणि तिथे अट पाळली गेली. गर्भपिशवी काढावी लागेल याची त्यांना भीती होती, पण डॉक्टरांनी आधी अंग वर धरून ठेवणारी सिलिकॉनची कडी आत बसवून पाहिली. ती ठरावीक काळाने काढून तपासून घ्यावी लागते. भारा उचलणे बंद करायला सांगितले आहे, जे त्या ऐकत नाहीत. बैठकीला मात्र जातात.

गृहिणी, शनिवार पेठ

माझा निर्णय नमाजामुळे झाला, हे आधीच सांगते. मला एकाएकी जोराची लघवी लागते आणि न्हाणीपर्यंत पोहोचण्याआधीच सुटते. कपडे बदलता येतात, पण वजू, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुऊन केलेली शुद्धी, टिकत नव्हती. सजद्यात जाताना मनात अल्लाहचे नाव असायला हवे, तिथे माझे सगळे लक्ष ओटीपोटाकडे असे. एका जाणत्या बाईंना विचारले, तेव्हा त्यांनी मन हलके केले. ज्याला असा सततचा आजार आहे तो माजूर ठरतो आणि त्याने प्रत्येक नमाजाच्या वेळेसाठी नवी वजू केली तरी चालते, असे त्यांनी समजावले. ही सवलत मिळाल्यावर मी घरीच थांबेन, असे सगळ्यांना वाटले होते. झाले उलटेच. माझी इबादत अपुरी आहे हा बोचणारा विचार गेल्यावर उरला तो फक्त आजार, आणि आजारासाठी दवाखाना असतो.

डॉक्टरांनी 3 दिवस कधी किती प्यायले आणि कधी किती लघवी झाली, हे वहीत लिहून आणायला सांगितले. त्या वहीत चहाच चहा निघाला. चहा कमी केला, लघवी लागली की लगेच न धावता थोडे थांबून दोन वेळांतले अंतर हळूहळू वाढवण्याची सवय लावली. पहिल्या गोळीने तोंडाला इतकी कोरड पडली की रोजाच्या दिवसांत ती सोसवेना. मग रक्तदाब तपासून मिराबेग्रॉन नावाची दुसरी गोळी दिली. पूर्ण बरे झाले असे म्हणणार नाही, पण रमजानमधल्या रात्रीच्या लांब नमाजाला, तरावीहला, उभी राहू शकते.

कुस्तीपटू, वय 22

माझे लग्न झालेले नाही आणि मूल नाही, तरीही सरावात डाव टाकताना आणि वजन उचलताना माझी लघवी सुटत असे. हे बाळंतपण झालेल्या बायकांनाच होते असे ऐकले असल्याने मला काहीतरी भलतेच झाले आहे, असे वाटले. सरावाआधी पाणी पिणे बंद केले, पायात गोळे येऊ लागले आणि वस्तादांनी खुराकाची चौकशी सुरू केली. त्यांना सांगण्यापेक्षा डॉक्टरांना सांगणे सोपे होते. जोराचे खेळ खेळणाऱ्या मुलींमध्ये हे पुष्कळ आढळते, एवढे डॉक्टरांच्या तोंडून ऐकले तेव्हाच अर्धे ओझे उतरले. उरलेले व्यायामाने उतरत आहे.

धागाकर्ती

आतापर्यंतच्या एकाही अनुभवात "गळती वाढली म्हणून गेलो" असे कोणी म्हटलेले नाही, याकडे लक्ष वेधते. निवृत्त काकांची गळती वाढली, तेव्हाही आधी घरात आले ते प्लास्टिक. कोणाचा आडोसा गेला, कोणाला दुसऱ्याने नेमका प्रश्न विचारला, कोणाला प्रिय असलेली एखादी गोष्ट सुटू लागली. आम्ही दवाखान्यात "दिवसातून किती वेळा?" असे विचारतो आणि तो प्रश्न आवश्यकच आहे, पण "यामुळे तुम्ही काय करायचे सोडले?" हा प्रश्न पहिल्या भेटीत क्वचितच विचारला जातो. आशाताई आणि औषध दुकानातला तो मुलगा यांनी जे केले, ते आमच्यापैकी अनेकांना जमत नाही.

वाचक, मंगळवार पेठ

मी गेलेली नाही आणि जाण्याचा विचारही नाही. माझा त्रास थोडा आहे, बाहेर पडताना कोठे सोय आहे ते मला पाठ आहे, आणि तपासणीच्या टेबलावर झोपण्याची मला मनापासून नावड आहे. मागे एकदा एका डॉक्टरांकडे विषय काढला होता, तेव्हा त्यांनी मान वर न करता "या वयात चालायचेच" म्हणून दुसरी चिठ्ठी लिहायला घेतली. तेच ऐकण्यासाठी पुन्हा पैसे कोण भरणार? न गेलेल्यांचाही अनुभव धाग्यात असावा म्हणून लिहिले.

धागाकर्ती

आपले म्हणणे इथे हवेच होते. थोडा आणि स्थिर त्रास असेल तर न जाण्याचा आपला अधिकार मला मान्य आहे, आणि वजन थोडे कमी करणे, बद्धकोष्ठ टाळणे याने घरबसल्याही फरक पडतो. मात्र लघवीतून रक्त जाणे, प्रसूतीनंतर किंवा गर्भपिशवीच्या शस्त्रक्रियेनंतर रात्रंदिवस सतत गळत राहणे, लघवी करूनही पोट फुगलेले राहणे, यांपैकी काही झाले तर थांबू नये. कंबरदुखीसोबत बैठकीच्या जागेची संवेदना जाऊन लघवीचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते, कारण तिथे मणक्यातील नसा दबलेल्या असू शकतात.

मुलगा, शाहूपुरी

आमच्याकडे निर्णय हाडांच्या डॉक्टरांनी घेतला. आई रात्री संडासाकडे धावताना पडली आणि खुब्याचे हाड मोडले. सगळे फरशीला दोष देत होते. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेनंतर विचारले की, रात्री घाई कसली होती. तेव्हा आईने पहिल्यांदा सांगितले की तिला लघवी धरवत नाही. तिच्या औषधांची पिशवी तपासली असता पायांवरच्या सुजेसाठी दिलेली, लघवी वाढवणारी पाण्याची गोळी ती रात्री जेवणानंतर घेत असल्याचे निघाले, कारण सगळ्या गोळ्या एकदमच घ्यायच्या अशी तिची शिस्त. तिच्या फिजिशियनना विचारून ती गोळी सकाळी हलवली. पलंगाशेजारी कमोडची खुर्ची आणि रात्रीचा दिवा आला. लघवीसाठी वेगळे औषध द्यावे लागले नाही.

आईला यापुढेही मूत्ररोगतज्ज्ञांना दाखवायचे आहे. पहिल्या भेटीला जाताना काय न्यावे, कोणी सांगू शकेल का?

धागाकर्ती

चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे न्या, नुसती नावे सांगू नका, कारण वेळ आणि मात्रा दोन्ही पाहाव्या लागतात. वर शनिवार पेठेतील ताईंनी सांगितली तशी 3 दिवसांची नोंद घरूनच करून न्या. मोजण्यासाठी मिलिलीटरच्या खुणा असलेले प्लास्टिकचे भांडे औषधाच्या दुकानात मिळते. मधुमेह असेल तर साखरेचा अलीकडचा अहवाल सोबत ठेवा. साखर वाढली की लघवी वाढते, आणि साखरेच्या काही नव्या गोळ्या तर लघवीवाटेच साखर बाहेर काढतात. तिथे लघवीचा नमुना लागेल आणि बहुधा सोनोग्राफीही होईल. त्यासाठी मूत्राशय भरलेले असावे लागते, म्हणून वेळ घेतानाच "आईला फार वेळ धरवत नाही, आल्यावर लगेच आत घ्याल का?" असे स्वागतकक्षात विचारून ठेवा, आणि पिशवीत कपड्यांचा एक जादा जोड असू द्या.